तिसाव्या फुटावर थांबलेलं पाणी

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. आठवीतला एक मुलगा सलग दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याच्या दोन्ही तळव्यांवर दोराचे लाल वळ उठले होते. कारण विचारलं तर म्हणाला, "सर, मोटर खाली सोडायची होती. पाणी ओढंनाच गेली." वर्गात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. निम्म्या घरांत तेच काम नुकतंच उरकलं होतं, उरलेल्या घरांत व्हायचं होतं.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, लातूर जिल्ह्यातल्या एका गावात, बालाघाटच्या पठारावर. विहिरी काळ्या खडकात खोदलेल्या, चाळीस-पन्नास फुटी. दिवाळीला काठाशी असलेलं पाणी महाशिवरात्रीपर्यंत वीस-बावीस फूट खाली जातं. वरच्या धक्क्यावर बसवलेली मोटर मग पाणी धरत नाही. खडखड वाजते, थोडं पाणी फेकते आणि सोडून देते. चार माणसं बोलवायची, कप्पी बांधायची, दोरखंड सोडायचे आणि मोटर विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर उतरवायची. 'पंचवीस फुटांच्या पुढं मोटर पाणी ओढत नाही' हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं.

फळ्याकडे वळता वळता मी विचारलं, "का ओढत नाही?"

"ताकद पुरत नाही सर." "लांबून येतंय म्हणून पाणी जड होतं." "एअर घेती." तळव्यावर वळ असलेला मुलगा म्हणाला, "मोठी मोटर बसवली की ओढती." मग गप्प झाला आणि थोड्या वेळानं आपणच म्हणाला, "पण आमची नाही ओढली." आदल्या वर्षी त्याच्या वडिलांनी तीन हॉर्सपॉवरची मोटर देऊन पाचची घेतली होती. दुकानदारानं सांगितलं होतं, ही खोलातून ओढेल. पैसे सोयाबीनच्या पट्टीतून वळते झाले. मोटर मात्र जिथं जुनी अडायची तिथंच नवी अडली.

मी प्रत्येकाला वहीत उत्तर लिहायला सांगितलं. ३१ वह्या गोळा केल्या, घरी नेऊन वाचल्या. 'हवेचा दाब' हे शब्द एकाही वहीत नव्हते.

जुलैत काय झालं होतं

याच मुलांना मी जुलैत 'बल व दाब' हा धडा शिकवला होता. वातावरणाचा दाब म्हणजे काय, तो किती पास्कल, व्याख्या, सूत्र, उदाहरणं, सगळं झालं होतं. घटक चाचणीत बहुतेकांना चांगले गुणही पडले. मी प्रयोगही केला होता. ग्लास काठोकाठ भरायचा, वर पुठ्ठा ठेवायचा, पालथा करायचा, पुठ्ठा पडत नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मला वाटलं, धडा पोहोचला.

आता मागे वळून पाहताना मला दिसतं की तो प्रयोग मुलांनी जादूसारखा पाहिला. त्यात मोजायचं काही नव्हतं, अडण्यासारखंही काही नव्हतं. पुठ्ठा का पडला नाही, याचं उत्तर मीच लगेच देऊन टाकलं होतं. कुणी त्या उत्तरावर शंका घ्यावी अशी जागाच ठेवली नव्हती. शिवाय ग्लासातलं पाणी आणि विहिरीतलं पाणी यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे त्यांना सुचायचं कारण नव्हतं, कारण मीही तो कधी जोडून दाखवला नव्हता. शेतातलं ज्ञान घरी आणि पुस्तकातलं शाळेत, दोन्ही आपापल्या खोलीत दार लावून बसलेली.

मुलांच्या सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एक शब्द होता: 'ओढणे'. मोटर ओढते, आपण नळीनं ताक ओढतो, सिरिंज औषध ओढते. एकदा ओढणं मान्य केलं की पुढचं ओघानंच येतं, जास्त ताकद लावली की जास्त खोलातून ओढता येईल. खरं तर मोटर पाण्याला ओढत नाही. ती सक्शन पाइपाच्या, म्हणजे विहिरीतून मोटरकडे येणाऱ्या पाइपाच्या, वरच्या तोंडाशी दाब कमी करते, आणि विहिरीतल्या पाण्याच्या पृष्ठभागावर जी हवा बसलेली आहे ती पाण्याला पाइपात वर ढकलते. ढकलणाऱ्या हवेची ताकद ठरलेली आहे. मोटर पाचची असो की पंचवीसची, हवा तेवढीच.

हे वाक्य मी फळ्यावर लिहू शकलो असतो. जुलैत लिहिलं होतंच. या वेळी ठरवलं की हवा पाण्याला किती उंच ढकलते ते मुलांनी स्वतः मोजायचं.

तयारी

पुस्तकात हा प्रयोग पाऱ्यानं केलेला असतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून त्याचा स्तंभ ७६ सेंटिमीटरवर थांबतो, टेबलावर मावतो. पण पारा विषारी आहे. मुलांच्या हाती तो द्यायचा नाही, हे माझ्या मनात पक्कं आहे. पाण्यानं करायचं तर १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट उंची हवी. शाळेची इमारत एकमजली. विहिरीच्या काठावर मुलांना उभं करण्याचा प्रश्नच नव्हता.

शाळेला लागून ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी आहे. तिचा कठडा जमिनीपासून चाळीस फुटांच्या वर. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडला, ग्रामसेवकांची परवानगी घेतली. अट एकच ठेवली आणि ती मोडली नाही: टाकीवर फक्त पाणी सोडणारे मामा चढतील, मुलं सगळी खाली. मामांनी कठड्याला कप्पी बांधली आणि दोर खाली सोडला. खाली बादली, बादलीत लाल रंग घातलेलं पाणी. पाण्यानं भरलेली नळी, तिचं खालचं तोंड बादलीत बुडवून उघडं, वरचं तोंड घट्ट बंद. ते वरचं टोक दोराला बांधून हळूहळू वर चढवायचं. पाणी नळीच्या टोकापर्यंत भरलेलं राहिलं पाहिजे. आणि एका उंचीनंतर नळी वर जाईल, पाणी जाणार नाही.

जाणार नाही, हे मी सांगितलं नव्हतं. पण एक चूक केली. उत्साहाच्या भरात फळ्यावर हिशेब मांडला, हवेचा दाब १०१३२५ पास्कल भागिले एक मीटर पाण्याचा दाब ९८०० पास्कल, आणि खाली '१०.३ मीटर, ३४ फूट' असं लिहून चौकट काढली. ती चौकट पुढे मला भोवली.

पहिली नळी

गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी स्वस्त आणि सहज मिळणारी. ४० फूट घेतली, फुटाफुटावर चिकटपट्टी लावली. नळी जमिनीवर पसरून एका टोकानं पाणी सोडत सगळे बुडबुडे घालवले. वरचं टोक दुमडून तारेनं आवळलं. दोर ओढायला सहा जण.

दहा फूट. पंधरा. वीस. नळी काठोकाठ लाल. पंचवीसच्या आसपास पाण्याची हालचाल विचित्र दिसायला लागली. मोबाईलचा कॅमेरा झूम करून पाहिलं तर वरची नळी नळीसारखी राहिलीच नव्हती. चपटी झाली होती, फितीसारखी. सव्वीस फुटांवर सगळंच अडलं. पाणी कुठं संपतं आणि नळीच्या भिंती कुठं चिकटतात, काही कळेना.

मी आतून खट्टू झालो. दिवस वाया गेला असं वाटलं. इतक्यात मागच्या ओळीतली एक मुलगी, जी वर्गात क्वचितच बोलते, पुढे आली आणि म्हणाली, "सर, तिला बाहेरून कुणीतरी दाबायलंय."

मी विचारलं, "कोण दाबतंय?"

ती वर पाहत राहिली. नळीभोवती काहीच नव्हतं, आभाळ आणि टाकीचे खांब. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दोन-तीन जण एकदमच म्हणाले, "हवा."

साऱ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण मला हाच वाटतो, आणि तो आला प्रयोग फसल्यामुळे. ओढणाऱ्या गोष्टीनं नळी चपटी होत नाही, ती कुणीतरी पिळल्यावर, दाबल्यावर होते. हे त्यांना हातानं माहीत होतं. 'ओढणे' जाऊन त्या जागी 'दाबणे' आलं, आणि ते माझ्या तोंडून नव्हे, त्यांच्या डोळ्यांतून आलं. जाड नळी पहिल्याच दिवशी आणली असती तर हा क्षण आम्हाला मिळाला नसता.

दुसरी नळी, आणि पंक्चरच्या दुकानातली युक्ती

दुसऱ्या वेळी आत दोऱ्याची जाळी असलेली जाड पारदर्शक नळी आणली, अर्ध्या इंचाची. ४० फुटांना साडेबाराशे रुपये गेले. या प्रयोगातला सगळ्यात मोठा खर्च तोच. वरच्या टोकाला छोटा बॉल व्हॉल्व्ह, आट्यांना टेफ्लॉन टेप, वरून क्लिप.

नळी वर गेली, पाणी एका जागी थांबलं. ओरडा झाला. पण थांबलेलं पाणी थांबून राहीना. २८ फूट ९ इंचांवरून बघता बघता २७ वर आलं, मग २६. कुठून तरी हवा आत जात होती.

एक मुलगा सुट्टीत मामाच्या पंक्चरच्या दुकानात बसतो. तो म्हणाला, "सर, ट्यूब पाण्यात बुडवून बघतो तसं करू." मी म्हटलं, वर चाळीस फुटांवर पाण्यात कसं बुडवणार? त्यानं पाण्याच्या बाटलीचा खालचा भाग कापला, तिच्या बुडाला भोक पाडून व्हॉल्व्हखाली नळीवर चढवली, भोक मेणानं लिंपलं आणि वाटीत पाणी भरलं. सांधा आता पाण्यात बुडालेला. गळती असेल तर आत हवा जाणार नाही, पाण्याचा थेंब जाईल, आणि थेंबभर पाण्यानं काही बिघडत नाही. प्रयोगशाळांत निर्वात जोडण्यांसाठी अशीच द्रवाची मोहोर वापरत आले आहेत. त्यानं ती कुठं वाचलेली नव्हती.

आता स्तंभ बराच ठरला. तरी दर थोड्या वेळानं नळीतून बारीक बुडबुडे वर जात राहिले. सांधा बंद आहे, मग हवा कुठली? इथं मी मदत केली. पाण्यात विरघळलेली हवा असते, वर दाब कमी झाला की ती सुटून बाहेर येते. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तेच, फक्त मंद. उपाय मुलींनीच सांगितला: पाणी उकळून घ्यायचं. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी भात उतरल्यावर त्याच शेगडीवर दहा लिटर पाणी खळखळ उकळून दिलं. झाकून रात्रभर निवू दिलं.

तिसऱ्या वेळी, सकाळी, नळी वर चढली आणि पाणी थांबलं. पंधरा मिनिटांत फक्त दोन इंच उतरलं. बादलीतल्या पाण्याच्या पातळीपासून पाच जणांनी वेगवेगळं वाचन घेतलं आणि मधलं धरलं: २९ फूट १० इंच. वरची नळी रिकामी. म्हणजे हवाही नाही, जवळजवळ काहीच नाही. दोर आणखी तीन फूट ओढला. नळी वर गेली, पाणी तसूभर हललं नाही. सहा पोरं दोर ओढत होती आणि पाणी त्यांना जुमानत नव्हतं. तळव्यावर वळ असलेला मुलगा त्या सहांत होता. तो दोर धरूनच म्हणाला, "कितीबी ओढा."

चार फुटांचं भांडण

वर्गात आल्यावर एका मुलीनं वही पुढे केली. एका बाजूला माझी चौकट: ३४ फूट. दुसऱ्या बाजूला त्यांचं माप: २९ फूट १० इंच. "सर, पुस्तक चुकलं का आपण?"

'शाळेच्या प्रयोगात एवढा फरक चालतो' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. आम्ही शिक्षक हे वाक्य फार सहज वापरतो. मुलंही लवकर शिकतात की उत्तर जुळलं नाही तर आकडा थोडा सरकवायचा, प्रयोगवहीत पुस्तकातला आकडा लिहायचा. मी स्वतः बारावीपर्यंत तेच करत आलो होतो. चार फूट म्हणजे थोडाथोडका फरक नाही. शंभरात बारा. मी म्हटलं, "दोघंही बरोबर असतील तर?" आणि पुढचे दोन तास त्यावर घालवले.

१०१३२५ पास्कल हा दाब समुद्रसपाटीचा. आपण कुठं आहोत? लातूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली उंची लिहिलेली असते, हे अर्ध्या वर्गानं पाहिलेलं, पण ती कशासाठी हे कुणाला ठाऊक नव्हतं. लातूर समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या वर आहे. तेवढा हवेचा थर आपल्या पायाखाली राहिला, डोक्यावर तेवढा कमी. मग दाबही कमी.

किती कमी? आमच्या इंग्रजीच्या मॅडमच्या मोबाईलमध्ये वायुदाबाचा सेन्सर निघाला. ॲपनं ९४१ हेक्टोपास्कल, म्हणजे ९४१०० पास्कल, दाखवलं. पण त्याच मोबाईलवर हवामानाच्या ॲपमध्ये १०१३ लिहिलेलं होतं, आणि पोरांनी ते लगेच पकडलं. एकाच फोनमध्ये एकाच गावाचे दोन दाब कसे? मला उत्तर सांगताना आनंद झाला, कारण प्रश्न त्यांचा होता. हवामान खाती सगळ्या गावांचा दाब समुद्रसपाटीला आणून सांगतात, नाहीतर महाबळेश्वर आणि मुंबईची तुलनाच करता येणार नाही. सेन्सर मात्र जिथं आहे तिथला दाब सांगतो.

९४१०० भागिले ९८००. ९.६ मीटर. ३१ फूट ६ इंच. अडीच फूट तिथंच सापडले.

उरला पावणेदोन फूट. नळीच्या वरच्या भागात 'काहीच नाही' असं मी म्हणालो होतो. ते पूर्ण खरं नव्हतं. पाणी मोकळ्या जागेत वाफ सोडतं, मग ती जागा कितीही बंद असो. सकाळी पाणी २७ अंश सेल्सिअस होतं. त्या तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब साधारण ३६०० पास्कल. ती वाफ वरून पाण्याला खाली रेटते, सुमारे १४ इंच. आता अपेक्षित उंची आली ३० फूट ४ इंचांच्या आसपास. आमचं माप २९ फूट १० इंच. राहिलेल्या सहा इंचांबद्दल वर्गात तीन मतं पडली: उकळूनही थोडी हवा राहिली असेल, नळी थोडी तिरकी असेल, चिकटपट्ट्या मोजताना नळी ताणली गेली असेल. मी निकाल दिला नाही. वहीत तिन्ही कारणं लिहिली आणि सहा इंच उघडे ठेवले.

इथं मी त्यांना इटलीतली गोष्ट सांगितली. पंप बसवणाऱ्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं की पाणी अठरा हातांच्या वर चढत नाही, म्हणजे आपल्या ३४ फुटांच्या जवळपास. गॅलिलिओनं १६३८ मध्ये त्याबद्दल लिहिलं, पण कारण हवेत आहे असं त्याला वाटलं नाही. त्याच्या मते पाण्याचा स्तंभ स्वतःच्या वजनानं तुटतो, जसा लांब दोर स्वतःच्या भारानं तुटावा. आमच्या वहीतलं 'लांबून येतंय म्हणून जड होतं' हे उत्तर त्याच्याच जवळचं. ते लिहिणाऱ्या मुलाला मी हे मुद्दाम सांगितलं. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. पुढे इटलीतल्याच टॉरिसेली या शास्त्रज्ञानं १६४४ मध्ये मांडलं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि तिचं वजन पाऱ्याला तोलून धरतं. १६४८ मध्ये पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्यानं फ्रान्समधल्या एका डोंगरावर नळी चढवली, तर माथ्यावर पारा खाली आला. पुस्तकात ज्याच्या नावानं दाबाचं एकक आहे, तो हाच पास्कल.

बोअरचा प्रश्न

अपेक्षित प्रश्न आला. "मग सहाशे फुटांवरून बोअरचं पाणी कसं येतं?"

बोअरमधली सबमर्सिबल मोटर पाण्यातच बुडालेली असते. तिच्या वर पाइप असतो, खाली नाही. ती पाणी ढकलते, आणि ढकलायला मर्यादा फक्त मोटरच्या ताकदीची. तिथं मोठी मोटर खरंच जास्त उंच नेते. गावच्या हातपंपाचंही तेच: दांडा वर हलतो, पण पाणी उचलणारा सिलिंडर खाली पाण्यात. इथं सांगण्यासारखी आपल्या मुलखातली एक गोष्ट आहे. १९६० च्या दशकात जालन्याला मिशनच्या पाणीकामातून एक मजबूत लोखंडी हातपंप तयार झाला, तो 'जालना पंप' म्हणूनच ओळखला जाई. त्याच्यावरून सोलापुरात पुढचा पंप झाला आणि त्या धर्तीवर १९७० च्या दशकात इंडिया मार्क टू आला, जो आज देशभर गावोगाव उभा दिसतो. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी मुलांच्या आजी-आजोबांकडे आहेत. घरी जाऊन विचारा म्हटलं, दुसऱ्या दिवशी वर्गात तासभर तेच चाललं.

विहिरीवर

तिसऱ्या प्रयोगाला तळव्यावर वळ असलेल्या मुलाचे आजोबा आले होते, टाकीखाली दगडावर बसून सगळं पाहत होते. जाताना माझ्यापाशी थांबले. "गुरुजी, पंचवीस फूट आम्हाला बापजाद्यापासून ठाऊक. पण हे तीस निघालं. मग आमचे पाच फूट कुठं गेले?"

आठवीच्या धड्यात या प्रश्नाचं उत्तर नाही. मी दुसऱ्या दिवशी सांगतो म्हटलं, आणि खरोखर बसून अभ्यास केला. हवा तीस फूट ढकलू शकते ती स्थिर पाण्याला. वाहतं पाणी पाइपाच्या भिंतीला घासतं, बेंडमध्ये वळताना अडतं, फुटवालच्या, म्हणजे पाइपाच्या खालच्या तोंडावरच्या झडपेच्या, जाळीतून निघताना अडतं. शिवाय पंपाच्या तोंडाशी थोडा दाब उरावाच लागतो. तो संपला की पाणी तिथंच वाफेचे बुडबुडे धरतं, पंपातल्या पंख्यावर ते फुटतात. ती खडखड, जी इथला प्रत्येक शेतकरी ओळखतो, ती त्याचीच. म्हणजे पाच फूट वाटेत खर्च होतात. आणि वाट जितकी अवघड, तितका खर्च जास्त.

मुलाच्या विहिरीवर आम्ही गेलो, मी, तो आणि त्याचे वडील. सक्शन पाइप दोन इंची, वाटेत तीन बेंड, फुटवालच्या जाळीत शेवाळ आणि कसली तरी साल गुंतलेली. नव्या पाचच्या मोटरला जुनाच पाइप जोडलेला. मोठी मोटर जास्त पाणी मागते, तेच पाणी अरुंद पाइपातून वेगानं धावतं, घासणं वाढतं. म्हणजे मोठ्या मोटरनं खोली वाढवली नाहीच, उलट थोडी कमीच केली होती. वडिलांना हे सांगताना मला जड गेलं. ते काही बोलले नाहीत, बराच वेळ पाइपाकडे पाहत होते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सक्शन तीन इंची केलं, दोन बेंड काढले, जाळी साफ केली. पूर्वी एकवीस फुटांवर पाणी सोडणारी मोटर चोवीसच्या पुढंपर्यंत धरू लागली. त्यांच्या हिशेबानं हरभऱ्यानंतरच्या भुईमुगाला दोन पाणी जास्त मिळाली. एप्रिलमध्ये विहिरीनं तळ गाठला, तो गाठणारच होता. पावसाची तूट कुठल्याही पाइपानं भरून निघत नाही, आणि मुलांनीही तसं समजू नये म्हणून मी ते वर्गात स्पष्ट सांगितलं.

जे जमलं नाही

सगळं काही साधलं असं नाही. साडेतीन आठवडे या एका गोष्टीत गेले, त्यामुळे प्रकाशाचा धडा घाईत उरकावा लागला. दोर ओढणाऱ्यांत आणि वाचन घेणाऱ्यांत मुलंच पुढे होती. मुली बादलीपाशी आणि वह्यांपाशी. पहिल्या दोन वेळा ते माझ्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या वेळी मी जागा बदलल्या, पण तेव्हा सवय होऊन गेली होती. वर्षअखेरीस पुन्हा तोच प्रश्न वहीत लिहायला दिला तेव्हा बहुतेकांनी हवा ढकलते असं लिहिलं, तरी चार-पाच जणांनी 'मोटरची ताकद पुरत नाही' हेच लिहिलं. त्यातले दोघं प्रयोगाच्या तीनही दिवशी ऊसतोडीला गेलेल्या घरच्यांपाशी होते. त्यांच्यासाठी नळी पुन्हा चढवायला हवी होती. ती मी चढवली नाही.

आणि एक गोष्ट मे महिन्यातली. 'बाहेरून कुणीतरी दाबायलंय' म्हणणारी मुलगी मामाकडे नांदेडला जाणार होती. सुट्टी लागायच्या दिवशी आली आणि म्हणाली, "सर, नळी नेऊ का? नांदेड खाली आहे ना." नांदेडची उंची सुमारे ३६० मीटर. तिनं हिशेब करून आणला होता: लातूरपेक्षा एक फूट जास्त यायला पाहिजे. मामाचं घर चार मजली, गच्चीवरून मामा दोर धरणार, ती खाली राहणार. नळी, व्हॉल्व्ह, बाटलीची वाटी, सगळं पोत्यात भरून तिनं बसनं नेलं.

आठवड्यानं फोन आला. आवाज उतरलेला. "सर, २९ फूट ६ इंचच आलं. घरच्यापेक्षा कमी. पाणी उकळलं होतं, सांधा पण गळत नव्हता."

मी विचारलं, "किती वाजता घेतलंस?"

"दुपारी दोनला. मामाला तेव्हाच वेळ होता."

"पाणी कुठं ठेवलं होतंस?"

ती थांबली. मग म्हणाली, "गच्चीवर." आणि मी पुढं काही बोलायच्या आत, "सर, वाफ! उद्या पहाटे घेते," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मामाच्या मोबाईलवरून वहीच्या पानाचा फोटो आला. वरच्या ओळीत दुपार, पाणी ३९ अंश, २९ फूट ६ इंच. खालच्या ओळीत पहाट, पाणी २८ अंश, ३० फूट ८ इंच.